पंचगंगा खोऱ्यातील पाण्याची गुणवत्ता : मोजणीपासून सुधारणेपर्यंत

नदीचे पाणी कसे आहे, हा प्रश्न नदीच्या काठावर उभे राहून विचारला जातो; त्याचे उत्तर मात्र बहुतांशी काठापासून दूर, तिच्या खोऱ्यात दडलेले असते. खोरे म्हणजे ज्या भूभागावर पडलेला पाऊस उतारावरून, ओढ्यानाल्यांतून किंवा जमिनीत मुरून अखेर एकाच नदीला येऊन मिळतो, तो सगळा भूभाग. त्या भूभागावरचे प्रत्येक गावठाण, उसाचा प्रत्येक फड, प्रत्येक गोठा, गटार, कारखाना आणि स्मशानघाट आपल्यामागे काही ना काही पाण्यात सोडतो आणि नदी ते सारे गोळा करत पुढे जाते. म्हणूनच पाण्याच्या गुणवत्तेचा अभ्यास पात्रापुरता मर्यादित ठेवला, तर तो परिणामांची नोंद करतो आणि कारणांपाशी पोहोचत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील पंचगंगा खोऱ्याच्या आधारे हा विषय मांडताना प्रस्तुत ग्रंथाची भूमिका एवढीच आहे की, पाणी मोजणे आणि पाणी सुधारणे ही दोन वेगळी कामे नाहीत. ज्या मोजणीमुळे कोणावर काही करण्याची जबाबदारी येत नाही ती मोजणी अपुरी राहते, आणि ज्या सुधारणेची मोजणी होत नाही ती खरोखर झाली की नाही हे कोणालाच सांगता येत नाही.

पंचगंगा ही कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्यांच्या पाण्याने बनते आणि लोकश्रद्धा त्यांत गुप्त सरस्वती मिळवून पाचाची संख्या पूर्ण करते. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरून येणारे हे प्रवाह कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली येथे एकत्र येतात, आणि तेथून कोल्हापूर शहर, मग हातकणंगले व शिरोळ तालुक्यांतील गावे ओलांडत पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत विलीन होते. हे खोरे आकाराने मोठे नसले तरी त्यात विलक्षण विविधता आहे. पश्चिमेला गगनबावड्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तर पूर्वेला शिरोळकडे त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच पाऊस होतो. त्यामुळे जिथे पाणी उपजते तिथे वस्ती विरळ आणि जंगल दाट, तर जिथे वस्ती, शेती व उद्योग दाट आहेत तिथले पाणी जवळजवळ सगळे वरून आलेले, अशी या खोऱ्याची रचना आहे. वरच्या माणसाच्या वागण्याचा परिणाम खालच्या माणसाला भोगावा लागतो, हे कोणत्याही नदीचे सत्य असले तरी पंचगंगेत ते एकाच जिल्ह्याच्या हद्दीत, अवघ्या काही तासांच्या प्रवासात, डोळ्यांनी पाहता येते.

या नदीचे आजचे रूप निसर्गाइतकेच माणसाच्या हातांनी घडले आहे. भोगावतीवरचे राधानगरी धरण राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतले. पुढे तुळशी, कासारी व कुंभी या नद्यांवरही धरणे झाली. या धरणांतून सोडलेले पाणी शेताच्या कडेलाच अडवून उपशाने वर चढवता यावे, यासाठी नदीवर ठिकठिकाणी बंधारे बांधले गेले, आणि ती पद्धत इतकी यशस्वी झाली की ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ हे नाव सबंध महाराष्ट्रात रूढ झाले. शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड आणि शिरोळ ही पंचगंगेवरच्या बंधाऱ्यांची नावे दर पावसाळ्यात ‘पाण्याखाली गेलेले बंधारे’ म्हणून जिल्हाभर वाचली जातात. अशा बंधाऱ्यात दगडी खांबांच्या खाचांमध्ये बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, पावसाळा संपताना घातले जातात आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी काढले जातात. शेतीला याचा मोठा लाभ झाला, याविषयी दुमत नाही. मात्र बरगे पडले की वाहती नदी एकापुढे एक मांडलेल्या संथ डोहांची साखळी बनते. वाहते पाणी दगडांवर आपटून, फेसाळून हवेतला ऑक्सिजन सतत आत घेत असते आणि संथ पाण्याची ही ताकद फार कमी असते, म्हणून बंधाऱ्यांनी नदीला साठवणक्षमता दिली तशी तिची स्वतःला शुद्ध करण्याची क्षमता घटवली, हेही तितकेच खरे आहे.

काळाचा योगही इथे प्रतिकूल जुळतो. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो, म्हणजे नदी सर्वांत बारीक आणि सर्वांत संथ असते नेमक्या त्याच महिन्यांत साखर व मद्यार्क निर्मितीतून निघणाऱ्या सांडपाण्याचा धोका सर्वाधिक असतो. त्याच काळात शहरे व गावे आपले सांडपाणी नेहमीच्याच प्रमाणात सोडत राहतात, पण ते सौम्य करणारे नदीचे पाणी उरलेले नसते. परिणामी उन्हाळ्यात काळे पडलेले पाणी, पृष्ठभागावर पसरलेली जलपर्णी आणि तेरवाडसारख्या बंधाऱ्याजवळ तरंगणारा मृत माशांचा खच, ही दृश्ये शिरोळ तालुक्याला वारंवार पाहावी लागली आहेत. दुसरा नाजूक काळ म्हणजे पहिला मोठा पाऊस: नाल्यांच्या तळाशी आठ महिने साचलेला गाळ आणि मैला एका दिवसात नदीत ढकलला जातो, आणि भर पावसात, पाणी वाढत असतानाही मासे मरतात. पावसाळ्यात नदी ‘धुऊन निघते’ ही समजूत म्हणूनच अर्धीच खरी आहे, कारण ती धुऊन निघण्याआधी तिच्यावरचा भार एकदम वाढतो.

पाण्याची गुणवत्ता या शब्दप्रयोगाने पुष्कळदा एकच गुण सूचित होतो, पण प्रत्यक्षात तो अनेक गुणांचा समुच्चय असतो आणि त्यांतले कोणते गुण महत्त्वाचे हे पाण्याच्या उपयोगावर ठरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नद्यांचे वर्गीकरण याच तत्त्वावर केले आहे. केवळ निर्जंतुक करून पिता येईल असे पाणी पहिल्या वर्गात, उघड्यावर स्नानाला योग्य असे दुसऱ्या वर्गात, शुद्धीकरण केंद्रातील नेहमीच्या प्रक्रियेनंतर पिण्यायोग्य होईल असे तिसऱ्या वर्गात, मासे व वन्यजीव यांना मानवणारे चौथ्यात आणि सिंचनाला चालणारे पाचव्या वर्गात येते. या वर्गीकरणातील तीन कसोट्या पुढील सर्व विवेचनात वारंवार येणार असल्याने त्यांचा अर्थ इथेच स्पष्ट करणे उचित ठरेल. पहिली कसोटी विरघळलेल्या ऑक्सिजनची: पाण्यातले सजीव हवेतला नव्हे, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन श्वसनासाठी वापरतात, आणि २५ अंश सेल्सिअसला स्वच्छ पाण्यातही लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो, म्हणून तो ४ मिलिग्रॅमच्या खाली गेला की माशांचे जगणे कठीण होते. दुसरी कसोटी जैवरासायनिक ऑक्सिजन मागणीची, जिला व्यवहारात ‘बीओडी’ म्हणतात: पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खर्च करतील याचे ते माप असते, ते भारतात सामान्यतः २७ अंशांवर ३ दिवस नमुना ठेवून काढले जाते, आणि स्नानाच्या तसेच शुद्धीकरणानंतर पिण्याच्या पाण्यासाठी ते लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या आत असावे लागते. तिसरी कसोटी कोलिफॉर्म जिवाणूंची, जे विष्ठेच्या संसर्गाची शक्यता दाखवतात. स्नानाच्या पाण्यात त्यांची संख्या १०० मिलिलिटरमागे ५०० च्या आत अपेक्षित आहे. नृसिंहवाडीच्या संगमावर दक्षिणद्वार सोहळ्याला आणि पर्वकाळी असंख्य भाविक स्नान करतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या शेवटच्या आकड्यामागचा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न किती मोठा आहे हे उमगते.

ग्रामीण सांडपाण्याचे प्रमाण थोडे असते, त्यामुळे त्याची फारशी चिंता नको, असा एक समज शासनदरबारी आणि गावातही दिसतो. तो साध्या हिशेबाने तपासून पाहण्याजोगा आहे. जलजीवन मिशनच्या निकषानुसार गावात दरडोई रोज ५५ लिटर पाणी पुरवले गेले आणि त्यातले ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडले, असे धरल्यास माणशी ४४ लिटर सांडपाणी होते. या हिशेबाने ४,००० लोकवस्तीच्या गावातून रोज पावणेदोन लाख लिटरच्या आसपास, तर अशा सहा गावांतून मिळून सुमारे १० लाख लिटर सांडपाणी निघते. कच्च्या सांडपाण्याची बीओडी लिटरमागे २५० मिलिग्रॅम मानली आणि ते सगळे, उन्हाळ्यात सेकंदाला १,००० लिटर, म्हणजे सुमारे ३५ क्युसेक, वाहणाऱ्या आणि २ मिलिग्रॅम बीओडी असलेल्या स्वच्छ प्रवाहात मिसळले, तर मिश्रणाची बीओडी ५ मिलिग्रॅमच्या जवळ जाते. पिण्यायोग्य वर्गात बसणारी नदी केवळ सहा गावांच्या गटारांनी त्या वर्गाबाहेर ढकलली जाते. तीच गावे, तेच सांडपाणी, पण पावसाळ्यातला प्रवाह शंभरपट असेल, तर बीओडी २ मिलिग्रॅमवरून जेमतेम हलते. प्रदूषण म्हणजे निव्वळ किती घाण सोडली हे नसून, किती घाण किती पाण्यात सोडली हे गुणोत्तर होय, आणि म्हणून वर्षाच्या सरासरीवर समाधान मानणारा कोणताही अहवाल या नदीचे खरे दुखणे झाकतो.

ज्या प्रदूषणाला नळी किंवा नाल्याचे तोंड नसते, ते याहून अवघड. उसाला दिलेल्या युरियातील जो भाग पिकाला लागत नाही, तो नायट्रेटच्या रूपाने पाण्याबरोबर जमिनीत उतरून विहिरी व कूपनलिकांपर्यंत पोहोचतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ठरवली आहे, कारण ती ओलांडल्यास तान्ह्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटू शकते. आणि हा दोष रंग, वास किंवा चवीने मुळीच कळत नाही. फॉस्फरस मातीच्या कणांना चिकटून पावसात नदीत येतो, आणि सांडपाण्यातील पोषकद्रव्यांच्या जोडीने जलपर्णीला खाद्य पुरवतो. जलपर्णी सूर्यप्रकाश अडवते, पाण्याचा हवेशी संपर्क तोडते आणि कुजताना उरलासुरला ऑक्सिजन खाते. ती यंत्राने काढणे हा लक्षणावरचा उपाय असून, नायट्रोजन व फॉस्फरस येत राहिले की ती काही आठवड्यांत परत पसरते. शिरोळ परिसरात अतिसिंचनामुळे आणि निचऱ्याच्या अभावामुळे क्षारपड झालेल्या जमिनी हे याच साखळीचे पुढचे टोक आहे. त्या सुधारण्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाइप गाडून खारे पाणी बाहेर काढण्याचे प्रयोग शेतकऱ्यांनी यशस्वी केले आहेत. मात्र बाहेर काढलेले ते खारे पाणी अखेर ओढ्यातून नदीकडेच जाते, हेही हिशेबात धरावे लागते. एका शेताची सुधारणा दुसऱ्याच्या पाण्याची हानी ठरू नये, यासाठी खोऱ्याचा विचार एकत्र करण्यावाचून गत्यंतर नाही.

पाणी मोजणाऱ्या यंत्रणा या खोऱ्यात नाहीत असे नाही. उलट त्या बऱ्याच आहेत आणि प्रत्येकीचे काम उपयुक्त आहे. १९७४ च्या जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायद्याखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीचे ठरावीक ठिकाणी नियमित नमुने घेते आणि उद्योग व नगरपालिका यांच्या सांडपाण्यावर देखरेख ठेवते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा विहिरींची पातळी व गुणवत्ता पाहते. जलसंपदा विभाग धरणांतला साठा आणि विसर्ग मोजतो. गावपातळीवर आरोग्य विभागाची व्यवस्था आहे: पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण करून ग्रामपंचायतीला जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते, जलसुरक्षक टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरचे द्रावण घालतो, आणि ‘ओटी’ चाचणीने नळाच्या पाण्यात क्लोरिन शिल्लक आहे का हे तपासतो. जलजीवन मिशनने त्यात भर घालून गावागावांतील महिलांना तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण दिले. उणीव अशी की, या सगळ्या नोंदी वेगवेगळ्या नोंदवह्यांत, वेगवेगळ्या तारखांना, वेगवेगळ्या हद्दींनुसार जमा होतात. नदीची नोंद स्थानकानुसार, विहिरीची पाणलोटानुसार, गावाची तालुक्यानुसार. गावाच्या जॅकवेलजवळ, म्हणजे नदीतून पाणी उपसण्याच्या विहिरीजवळ, नदीचा ऑक्सिजन घसरला, ही वार्ता त्या गावच्या जलसुरक्षकाला त्याच दिवशी कळेल, अशी वाट या व्यवस्थेत अद्याप पुरेशी बांधलेली नाही.

याउलट, त्याच नदीच्या दुसऱ्या एका मोजणीने काय साधले आहे ते पाहण्यासारखे आहे. राजाराम बंधाऱ्याजवळची पाणीपातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे कोल्हापूर जिल्ह्यात लहान मुलालाही ठाऊक असते. पावसाळ्यात ही पातळी फूट-इंचांत सतत जाहीर होते. ती कोणत्या आकड्याला पोहोचली म्हणजे कोणता रस्ता बंद होणार, जनावरे कधी हलवायची, चिखली-आंबेवाडीच्या लोकांनी घर कधी सोडायचे, हे सर्वांना समजते आणि प्रशासनालाही त्यानुसार हालचाल करावीच लागते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी या आकड्यांना अर्थ दिला. या मोजणीचे बळ तिच्या उपकरणांत नाही, कारण मोजपट्टी अगदी साधी आहे. ते बळ चार गोष्टींत आहे: मोजणी वारंवार होते, ती लगेच जाहीर होते, आकड्याचा अर्थ सर्वांना कळतो, आणि ठरावीक आकड्याला ठरावीक कृती बांधलेली असते. पाण्याच्या गुणवत्तेच्या मोजणीला हीच चार बळे मिळवून देणे, हे या क्षेत्रातील पुढच्या काळाचे मुख्य काम आहे.

त्यासाठी मोजणी प्रथम विश्वासार्ह असली पाहिजे, आणि विश्वासार्हता प्रयोगशाळेत पोहोचण्याआधीच, नमुना घेताना, ठरते. काठाजवळचे साचलेले पाणी भरले, बाटली आधी नदीच्याच पाण्याने विसळली नाही किंवा जिवाणू तपासणीचा नमुना बर्फाच्या पेटीऐवजी उन्हात तापलेल्या गाडीतून नेला, तर पुढची सगळी अचूकता व्यर्थ जाते. विरघळलेल्या ऑक्सिजनचा नमुना घेताना काचेची बाटली पाण्याखालीच, एकही बुडबुडा आत न राहील अशा बेताने भरून बूच लावावे लागते, आणि काठावरच त्यात मँगनीज सल्फेट व अल्कधर्मी आयोडाइडचे द्रावण सोडावे लागते. ऑक्सिजन असेल तर बाटलीत तपकिरी साका बसतो, मुळीच नसेल तर तो पांढरा राहतो. ही रासायनिक खूण इतकी स्पष्ट असते की आकडा निघण्याआधीच काठावर उभ्या असलेल्या गावकऱ्याला नदीची अवस्था समजते. वेळही तितकीच महत्त्वाची आहे. शेवाळ माजलेल्या हिरव्या पाण्यात दिवसा प्रकाशसंश्लेषणामुळे ऑक्सिजन भरपूर दिसतो, रात्री तेच शेवाळ श्वसनासाठी ऑक्सिजन वापरते, आणि पहाटे तो सर्वांत कमी होतो. मासे पहाटे मरतात ते यामुळे. कार्यालयीन वेळेत, दुपारी घेतलेला नमुना म्हणूनच चांगला आकडा देऊनही नदीविषयी चुकीचे सांगू शकतो.

रसायनशास्त्राच्या जोडीला जीवशास्त्रीय मोजणीची गरज इथेच निर्माण होते. पाण्याचा नमुना एका क्षणाची स्थिती सांगतो. नदीच्या तळाशी, दगडांखाली राहणारे छोटे जीव मात्र मागच्या कित्येक आठवड्यांची साक्ष देतात. कासारी किंवा कुंभीच्या वरच्या भागात दगड उलटला की त्याखाली स्वच्छ, ऑक्सिजनयुक्त पाण्यातच तगणाऱ्या कीटकांच्या अळ्या सापडतात, तर सांडपाणी मिसळलेल्या संथ डोहाच्या गाळात त्यांची जागा ऑक्सिजनच्या टंचाईतही तग धरणाऱ्या लालभडक अळ्या आणि गाळातले किडे घेतात. जातींची विविधता कमी होणे आणि सोशिक जातींची संख्या बेसुमार वाढणे, ही प्रदूषणाची खात्रीची खूण मानली जाते. ही पद्धत स्वस्त आहे, शाळकरी विद्यार्थ्यांना व मच्छीमारांना शिकवता येते, आणि रात्री चोरून सोडलेल्या सांडपाण्याचा मागमूस दिवसा घेतलेल्या नमुन्यात राहिला नाही, तरी तळाच्या जीवांवर तो बराच काळ टिकून राहतो.

मोजायचे कुठे, हाही तितकाच कळीचा प्रश्न आहे. एखाद्या शहराच्या खाली नदी घाण आहे, एवढे सांगून जबाबदारी निश्चित होत नाही. शहराच्या वर व खाली, नाला मिळण्याआधी व मिळाल्यानंतर, असे जोडीने नमुने घेतले तरच भर कोणी घातली हे सिद्ध होते. त्याबरोबर प्रवाहही मोजावा लागतो, कारण तीव्रतेला प्रवाहाने गुणल्यावर मिळणारा ‘भार’, म्हणजे दररोज नदीत पडणारी एकूण घाण, हाच सुधारणेचा अग्रक्रम ठरवू शकतो. कोल्हापुरातील जयंती आणि दुधाळी नाले, इचलकरंजीतून येणारे नाले, आणि त्यांच्या मधल्या गावांचे असंख्य ओढे यांचा असा भारनिहाय हिशेब नियमितपणे मांडला, तर गावे शहरांकडे, शहरे उद्योगांकडे आणि उद्योग शेतीकडे बोट दाखवत राहतात, त्या वादाला वस्तुनिष्ठ उत्तर मिळेल.

सुधारणेचे उपाय ठिकाणागणिक बदलतात आणि एकच आराखडा सगळ्या खोऱ्यावर लादला की तो फसतो. घरगुती सांडपाण्यासाठी शोषखड्डा हा साधा व स्वस्त उपाय पश्चिमेकडच्या पाझरत्या, तांबड्या जमिनीत चांगला चालतो. पण नदीकाठच्या काळ्या, चिकण मातीत, जिथे भूजल वर असते तिथे तो भरून वाहू लागतो किंवा शेजारच्या विहिरीत घाण उतरवतो. अशा गावांना गटारांच्या टोकाशी स्थिरीकरण तळी आणि कर्दळ, लव्हाळ्यासारख्या वनस्पती लावलेली पाणथळ शय्या अधिक मानवते, कारण तिच्यात मुळांभोवतीचे जिवाणू घाण कुजवतात आणि विजेवर अवलंबून राहावे लागत नाही. वैयक्तिक शौचालये वाढल्यानंतर त्यांच्या टाक्यांतून उपसलेला मैला ओढ्यात रिता होऊ नये, म्हणून काही गावांनी मिळून एक प्रक्रिया केंद्र चालवणे आवश्यक ठरते. शेतात माती परीक्षणानुसार आणि विभागून दिलेले खत, ठिबकमधून दिलेले विद्राव्य खत, आणि नदी-ओढ्याच्या काठावर वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ यांचा व गवताचा राखलेला पट्टा ही नायट्रेट व गाळ अडवण्याची सिद्ध साधने आहेत. काठापर्यंत ऊस लावून हा पट्टा नाहीसा करणे शेतकऱ्याला एका हंगामात चार सऱ्या जास्त देते आणि पुरात काठ खचला की त्याहून जास्त जमीन हिरावून नेते.

शहरे व उद्योग यांचा भाग अर्थातच मोठा आहे आणि ग्रामीण खोऱ्याच्या अभ्यासाने तो झाकला जाऊ नये. मद्यार्क निर्मितीतल्या मळीमिश्रित सांडपाण्याची बीओडी लिटरमागे हजारो मिलिग्रॅममध्ये असते, त्यामुळे त्याची थोडी गळतीही संथ नदीला प्राणघातक ठरते. वस्त्रोद्योगाच्या रंगाई-धुलाईतले क्षार जैविक प्रक्रियेने नष्ट होतच नाहीत, म्हणून रंग गेला की पाणी शुद्ध झाले असे मानणे चूक आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत दूषित पाण्यातून पसरलेल्या काविळीच्या साथीने अनेकांचे प्राण घेतले आणि पंचगंगेचा प्रश्न पर्यावरणाचा नसून जीवनमरणाचा आहे हे उघड केले. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयात गेला, आणि नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेने खोऱ्याचा अभ्यास केला. पुढे कोल्हापूरने २०२३ मध्ये थेट पाइपलाइनने काळम्मावाडी धरणाचे पाणी शहरात आणले. इचलकरंजीने आधी वारणेचे आणि मग दूधगंगेचे पाणी मागितले, तेव्हा त्या नद्यांच्या काठच्या गावांनी विरोध केला. नागरिकांना स्वच्छ पाणी मिळण्याचा हक्क निर्विवाद असला, तरी त्यातला एक धोका डोळ्यांआड करता येणार नाही: जे शहर आपल्या नदीचे पाणी पीत नाही, त्याला ती नदी राखण्याचे रोजचे कारण उरत नाही, आणि पर्याय नसलेली खालची गावे मात्र तेच पाणी वापरत राहतात.

मासे मरू लागले की धरणातून पाणी सोडून ‘नदी वाहती करा’ अशी मागणी होते आणि बहुधा मान्यही होते. संकटाच्या वेळी हा उपाय योग्य असतो. पण त्याने घाण नाहीशी होत नाही, ती बंधाऱ्याबंधाऱ्याने पुढे सरकून कृष्णेत आणि तिथून कर्नाटकात जाते. अधिक टिकाऊ मार्ग म्हणजे कोरड्या महिन्यांत नदीला किमान प्रवाह मिळेल असे विसर्गाचे वेळापत्रक ठरवणे, आणि बरगे काढण्या-घालण्याच्या तारखा सिंचनाबरोबरच ऑक्सिजनच्या नोंदी पाहून ठरवणे. यासाठी पाटबंधारे विभाग, प्रदूषण मंडळ, जिल्हा परिषद आणि पाणीवापर संस्था यांना एकाच टेबलावर, एकाच आकड्यांच्या आधारे बसावे लागेल.

प्रस्तुत ग्रंथाची रचना या विचाराला धरून केली आहे. प्रारंभीच्या भागात खोऱ्याचा भूगोल, जलविज्ञान आणि सिंचनाचा इतिहास येतो. त्यानंतर गुणवत्तेच्या कसोट्या आणि नमुने घेण्याच्या पद्धती, ग्रामपंचायतीतील कार्यकर्त्याला स्वतः वापरता येतील इतक्या तपशिलाने दिल्या आहेत. मग घरगुती, शेतीजन्य व औद्योगिक प्रदूषणाचा भारनिहाय विचार, आणि शेवटी सुधारणेचे उपाय व त्यांची मोजदाद येते. हा ग्रंथ तज्ज्ञांइतकाच सरपंच, ग्रामसेवक, आशा सेविका, विज्ञान शिक्षक, पाणीवापर संस्थांचे पदाधिकारी आणि कारखान्यांचे सभासद शेतकरी यांच्यासाठी आहे. सहकाराने घडलेल्या या जिल्ह्यात साखर कारखान्याचा सभासद, दूध संस्थेचा उत्पादक आणि गावचा मतदार ही पुष्कळदा एकच व्यक्ती असते. म्हणून वार्षिक सभेत साखरेच्या उताऱ्याबरोबर सांडपाण्याचा आकडा विचारण्याचा अधिकारही त्याच व्यक्तीच्या हाती आहे. हा अधिकार वापरण्यासाठी लागणारे ज्ञान सोप्या आणि अचूक मराठीत उपलब्ध नसणे, हा आजवरचा मोठा अडथळा होता.

अशा अभ्यासाची कसोटी अखेर त्यातून बदलणाऱ्या व्यवहारावर लागते. प्रत्येक बंधाऱ्यावर पाणीपातळीच्या फलकाशेजारी विरघळलेल्या ऑक्सिजनचा आकडा रोज पहाटे लिहिला जावा; तो ४ मिलिग्रॅमच्या खाली गेल्यावर कोणी किती तासांत नाल्यांची पाहणी करायची, कोणत्या जॅकवेलचा उपसा थांबवायचा आणि कोणत्या गावात टीसीएलची मात्रा वाढवून शेवटच्या नळापर्यंत क्लोरिन तपासायचा, हे जिल्हा प्रशासनाने लेखी ठरवावे; आणि वर्षातून एकदा खोऱ्यातल्या प्रत्येक ग्रामसभेपुढे आपल्या गावाने नदीत किती भार टाकला याचा हिशेब यावा. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवे शास्त्र शोधावे लागत नाही किंवा अवाढव्य खर्च करावा लागत नाही. पुरासाठी जिल्ह्याने सिद्ध करून दाखवलेलाच निर्धार वर्षभर टिकवणे, एवढेच हवे आहे. ज्या खोऱ्याने पाणी अडवण्याची पद्धत महाराष्ट्राला दिली, त्याने पाणी राखण्याची पद्धतही घडवून द्यावी, ही अपेक्षा वाजवी आहे आणि ती पूर्ण करण्याची क्षमता या खोऱ्यातील लोकांमध्ये निश्चित आहे.